तान्ह्या पोळ्याचा उरलेला रंग व्हिडिओ गेमला मारला तं असंच होते

भाऊ, प्रश्न वाचला आणि चारही फोटो नीट पाहिले. म्हणजे झालं असं की माळ्यावर मोठ्या भावाचा जुना व्हिडिओ गेम सापडला, तो पांढरा-मरून, वरून कॅसेट टोचायची तसला, पार पिवळा पडलेला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, पोराच्या लाकडी बैलाला मारून अर्धा डबा पांढरा ऑइलपेंट उरला होता, तो तुम्ही ब्रशनं मारला, दुसऱ्या दिवशी तो काही बरा दिसेना म्हणून त्याच्यावरून सिल्व्हर स्प्रे मारला, आणि आता सगळ्या बॉडीवर सुरकुत्या, तीन आठवडे झाले तरी हाताला चिकटून राहिलं, बोटांचे ठसे उमटले, वरून पॉवरचं बटण अर्ध्यात अडकून राहिलं. आणि तुम्ही विचारता की याच्यावर आता कोणता रंग मारू म्हणजे हे झाकलं जाईल.

कोणताच नाही बावा. सगळा काढा. आणि काढून झाल्यावर बहुतेक तुम्हाला समजेल की रंगवायची गरजच नव्हती.

माझं दुचाकीच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली दहा-अकरा वर्षं हे जुने गेम, रिमोट, टेपरेकॉर्डर असलं पण करून राहिलो, आधी स्वतःच्या हौसेपायी, मंग लोक आणून देऊ लागले. गाडीची बॉडी आणि गेमची बॉडी यात फार फरक नाही, दोन्हीकडे बहुतेक एबीएस प्लास्टिकच असते, म्हणून हात बसलेला आहे. चुका मात्र सगळ्या करून झालेल्या आहेत, काही खाली सांगतो.

आधी हे काऊन झालं ते समजून घ्या. लाकडी बैल रंग पितो, प्लास्टिक पीत नाही. बैलाला ऑइलपेंट मारला की थोडा लाकडात मुरतो, उरलेला वरून हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. प्लास्टिकवर त्याला मुरायला जागा नाही, जाड हात मारला तं वरून साय येते आणि आत ओलाच राहतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्या सायीवर स्प्रे मारला, स्प्रेमधलं थिनर तिच्यातून आत घुसलं, खालचा कच्चा रंग फुगला, आणि फुगून बसला तेव्हा सुरकुत्या पडल्या. तापल्या दुधावरची साय फुंकर मारली की कशी गोळा होते, तसंच. त्यात पोळा म्हणजे भर पावसाळा, हवेत दमटपणा, वाळायचं नावच नाही. तिसरी गोष्ट, बॉडी धुतली होती का? तुम्ही लिहिलं ‘कपड्यानं पुसून घेतली’. तीस वर्षांचा हाताचा घाम, तेल, स्वयंपाकघराची वाफ, हे सगळं तसंच खाली आहे. एका कोपऱ्यात पापुद्रा निघून राहिला तो त्याच्यामुळं.

रंग काढायला थिनर घेऊ नका, हे मी मोठ्यानं सांगून राहिलो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन, यातलं काहीच नको. अॅसिटोनमध्ये एबीएस सरळ विरघळते, आणि तुमची बॉडी क्लोन, म्हणजे नक्कल केलेल्या गेमची आहे, त्या काळच्या काही स्वस्त बॉड्या एबीएसच्या नसून पॉलिस्टायरीनच्या असतात, ते तं अजूनच नाजूक. खालचं झाकण उलटं करून आतल्या बाजूला पाहा, कुठंतरी बारीक अक्षरात प्लास्टिकचं नाव कोरलेलं असू शकते. नसेल तं नाजूक समजूनच चाला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्केवालं, मोबाईल रिपेअरवाले बोर्ड धुवायला वापरतात तेच, नागपुरात सीताबर्डीवर मोबाईलच्या सामानाच्या दुकानात मिळून जाते. जुना टॉवेलचा तुकडा त्यात भिजवून बॉडीवर पसरवा, वरून पन्नी झाका म्हणजे उडून जाणार नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशनं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. पट्टी म्हणजे जुनं एटीएम कार्ड, स्क्रू ड्रायव्हर नाही. स्प्रेचा थर पटकन सुटेल, ऑइलपेंट चिवट आहे, दोन-तीन वेळा करावं लागेल. रात्रभर भिजत मात्र ठेवू नका, स्क्रू बसतात त्या नळ्यांच्या मुळाशी प्लास्टिकवर ताण असतो, तिथं चीर जाते. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद, देवाजवळचा दिवाही नको, अल्कोहोल आहे ते, भडकते. जे खाचाखोचात राहील ते नंतर पाणीपेपरनं (पाणी लावून घासायच्या पॉलिशपेपरनं) जाईल.

अर्थात त्याच्या आधी गेम उघडा. रंगवताना उघडला नव्हता हे फोटोत दिसूनच राहिलं, कॅसेटच्या खाचेत सिल्व्हर रंग गेला आहे, आतल्या पिना वाचल्या असतील तं नशीब. तुमच्यावाल्याला साधे चौफुलीचे स्क्रू असतील. ज्यांच्याकडे खरे निनटेंडोचे मशीन आहेत त्यांना गेमबिट, म्हणजे त्यांच्या खास स्क्रूचा पाना लागतो, कॅसेटला ३.८ मिलिमीटर आणि सुपर निनटेंडो, एन-६४ सारख्या मशीनला ४.५ मिलिमीटर, ऑनलाइन मिळते. पेनाची नळी तापवून त्या स्क्रूवर दाबून जुगाड करणारे आहेत, मीही केला आहे, एकदा चालते, दुसऱ्यांदा स्क्रूचं डोकं प्लास्टिकनं भरून जाते आणि मंग बसा रडत. जुना जाडा प्लेस्टेशन २ किंवा पहिला एक्सबॉक्स उघडत असाल तं त्यांचं पॉवर सप्लाय आतच असते, प्लग काढल्यावर लगेच हात घालू नका, कपॅसिटर विजेनं भरलेले असतात. तुमच्यावाल्याला बाहेरून अॅडॉप्टर आहे, त्यामुळं ती भीती नाही.

उघडताना प्रत्येक पायरीला मोबाईलनं फोटो, आणि स्क्रू जिथले तिथले एका पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात टोचून ठेवा. बटणाखालची रबरं, स्प्रिंगा, कॅसेट बाहेर काढायचा तो दांडा, सगळं वेगळं. खालचं स्टिकर असेल तं हेअर ड्रायरनं कोमट करून हळू सोडवा, आणि सोडवायच्या आधी बाजूला स्केलपट्टी ठेवून समोरून सरळ फोटो घ्या, तो फोटो नंतर सोन्याहून पिवळा ठरतो.

पिवळ्यावरून आठवलं, आता मुद्द्याचं.

पिवळं पडणं म्हणजे घाण नाही, आणि रंग उडणंही नाही. एबीएसमध्ये ब्युटाडाइन नावाचं रबर असते, त्याच्यामुळंच ते पडलं तरी फुटत नाही, पण तेच रबर ऑक्सिजनशी लागलं की पिवळं होते, आणि ऊन आणि उष्णता हे काम जोरात करतात. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमिनवाला पदार्थ घालत, बरेच लोक सगळं खापर त्याच्यावरच फोडतात, पण गोष्ट एवढी साधी नाही, एकाच मशीनचं वरचं झाकण हळदीसारखं आणि खालचं अजून राखाडी असं सुपर निनटेंडोत सर्रास दिसते, म्हणजे दोन झाकणांच्या मालातच फरक होता. तुम्ही म्हणाल माझं तं माळ्यावर अंधारात होतं. अहो नागपूरचा माळा, वर स्लॅब, बाहेर मे महिन्याचे पंचेचाळीस-शेहेचाळीस डिग्री, ऊन नसलं तरी भट्टी आहेच.

हा पिवळेपणा बहुतेक वेळा वरच्या पातळ थरातच असतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइडनं जातो. मेडिकलमध्ये मिळते ती ६ टक्क्यांची बाटली, ज्याच्यावर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असते, ती पुरते. लोक ब्यूटी पार्लरचं ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर लावतात, ते १२ टक्के असते, काम लवकर होते पण क्रीम कुठं जाड कुठं पातळ लागलं की बॉडीवर ढगासारखे पट्टे उमटतात, आणि ते पट्टे मंग कशानंच जात नाहीत. त्यामुळं मी बुडवूनच करतो. पारदर्शक प्लास्टिकचा टब, त्यात बॉडी पूर्ण बुडेल एवढं पेरॉक्साइड, तरंगत असेल तं वर काचेचं वजन, झाकण सैल ठेवायचं कारण त्यातून गॅस निघतो, घट्ट लावलं तं टब फुगून उघडेल. टब उन्हात, तासातासाला बॉडी फिरवायची, वर बुडबुडे चिकटतात ते ब्रशनं हलवायचे. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस लागतात. हातमोजे आणि चष्मा घालाच, बोटाला लागलं तं कातडी पांढरी होऊन झोंबते. लहान पोरगं घरात आहे तं टब गच्चीवर त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवा. आणि मरून रंगाचे भाग यात अजिबात टाकू नका, ते फिके होऊन पांढुरके पडतात. फक्त पांढरे-क्रीम भाग.

माझा पहिला प्रयोग सांगतो. मे महिना, दुपारी बारा, मला वाटलं जितकं ऊन तितकं चांगलं. क्रीम चोपडलं, वर पन्नी गुंडाळली आणि टिनाच्या शेडवर ठेवून दिलं. आई खालून ओरडून राहिली होती की तिथं माझ्या कुरडया आहेत, मी म्हटलं कुरडयांच्या बाजूला ठेवतो. दोन तासांनी जाऊन पाहतो तं पन्नीखालचं क्रीम वाळून पापडी झालेलं, पट्टे पडलेले, आणि खालचं झाकण टिनावर टेकलं होतं तिथं असं वाकलं की पुन्हा कधी जुळलंच नाही. गिऱ्हाइकाचं नव्हतं म्हणून वाचलो. कुरडया मात्र मस्त वाळल्या होत्या. तेव्हापासून मे महिन्यात हे काम सकाळी सात ते दहा, टबाखाली लाकडी पाट, आणि पाणी हाताला चटका लागण्याइतकं गरम झालं की सावलीत.

हेही सांगून ठेवतो की हा पांढरेपणा कायमचा नाही, काही वर्षांनी पिवळं परत येऊ शकते. कोणाचं दोन वर्षांत येते, माझ्याकडचा एक सहा वर्षं झाले तसाच आहे. आलं तं पुन्हा बुडवा. मला रंगापेक्षा हेच आवडते, कारण त्या प्लास्टिकला साच्यातून आलेली एक बारीक खरखर असते, हाताला लागते तशी, ती कोणत्याच स्प्रेनं परत येत नाही. रंग मारला की पहिली तीच जाते. निनटेंडोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला, त्याच्या नकला आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आल्या, लिटल मास्टर, मीडिया, आणि त्या नकलांनीही ती खरखर, तो मरून रंग जसाच्या तसा उचलला होता. म्हणून मी आधी धुतो, मंग बुडवतो, आणि नाहीच जमलं तं रंगवतो.

रंगवायलाच लागते असं कधी? बॉडी फुटली असेल, कोणी नाव कोरलं असेल, सिगारेटचा डाग असेल, किंवा वायरचा व्रण. हा वायरचा व्रण लोकांना माहीत नसतो, जॉयस्टिकची वायर गेमभोवती गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवली की वायरचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट रसायन बाहेर येते आणि खालचं प्लास्टिक खाते, सापाच्या वळणासारखी खाच पडते. तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या बाजूला तीच आहे, तुम्हाला वाटलं तुमच्या रंगानं झाली, नाही, ती आधीचीच आहे.

ती खाच भरायची असेल किंवा तडा जोडायचा असेल तं प्लास्टिक एबीएस आहे याची खात्री झाल्यावर, आतल्या बाजूनं न दिसणाऱ्या जागेवरून थोडा किस काढा, अॅसिटोनच्या चार थेंबांत तो विरघळवून घट्ट लेप करा आणि काडीनं भरा, एक दिवस राहू द्या, तो मूळ प्लास्टिकशी एकजीव होतो. वर अॅसिटोन नको म्हटलं होतं, ते धुवायला नको, इथं आपल्याला विरघळवायचंच आहे. खात्री नसेल तं दोन भागांवाली इपॉक्सी, एम-सीलसारखी. ती मळताना अर्धवट मळून चालत नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटतात तशी दाबून दाबून घोटायची, दोन्ही रंग एक झाले पाहिजेत, नाही तं आत मऊच राहते. गाडीवाली जाड पुट्टी इथं नको, ती पातळ प्लास्टिकवर दबली की तडकते. बारीक ओरखड्यांना एनसी पुट्टी चालते, पण पातळ, आणि ती आकसते म्हणून दोनदा.

स्क्रूची नळी फुटली असेल तं तिच्यावर बाहेरून जुन्या पेनाच्या नळीचा तुकडा चढवून इपॉक्सीनं पक्की करा. आणि स्क्रू परत लावताना एक सवय लावून घ्या, आधी उलटा फिरवा, कट्ट असा बारीक आवाज येतो, तो जुन्या आट्यात पडला, आता सुलटा फिरवा. नाही तं प्रत्येक वेळी नवा आटा पडतो आणि चार वेळात नळी गुळगुळीत होते.

घासाई. पाणीपेपर ४०० नंबर, मंग ६००, मंग ८००. पाण्यात कपडे धुवायच्या साबणाचा चुरा टाका, पेपर सरकतो चांगला आणि धूळ उडत नाही. कोरडं घासू नका, तो जुना रंग छातीत जाते. खरखर वाचवायची असेल अशा जागी फक्त ८०० नं चमक मारायची, बस. घासून झाल्यावर भांड्याचा साबण आणि कोमट पाणी, धुऊन सावलीत वाळवा, मंग अल्कोहोलनं एकदा पुसा, आणि त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही. हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्या दुकानात एका पोरानं तर्री पोहा खाऊन हात पँटीला पुसले आणि टाकी उचलली, रंग मारल्यावर चार बोटांचे चार डोळे उमटले, रंग तिथं बसायलाच तयार नाही. डॅशबोर्ड पॉलिशचा कपडा तं त्याहून वाईट, त्यात सिलिकॉन असते, तो एकदा फिरला की ती जागा पुन्हा पुन्हा डोळे मारते.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, प्लास्टिकसाठीचाच घ्या. दुकानदार तुम्हाला अॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग चिकटावा म्हणून आधी मारायचं रसायन, पण गळ्यात मारेल. ते गाडीच्या बंपरला लागते, कारण बंपर पॉलिप्रॉपिलिनचा असतो आणि त्याला काहीच चिकटत नाही. घासलेलं एबीएस रंगाला चांगलं धरते, त्याला पातळ प्रायमरचे दोन हात पुरतात. एक मोठी सांभाळायची गोष्ट म्हणजे प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर तिन्ही एकाच जातीचे, एकाच कंपनीचे शक्यतो. अॅक्रिलिक तं सगळं अॅक्रिलिक. ऑइलपेंटवर अॅक्रिलिक मारलं की काय होते ते तुमच्यासमोर आहेच. आणि गाडीवाला टू-के पीयू, हार्डनर घालून मारतात तो, घरी मारायचा नाही. काचेसारखा होतो, पक्का होतो, मीही दुकानात तोच मारतो, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं विषारी रसायन असते, त्याला नीट मास्क आणि हवा खेचणारी जागा पाहिजे, रुमाल बांधून ते होत नाही. साध्या स्प्रेलाही कार्बनच्या डब्यावाला मास्क घ्या, रुमालातून धूळ अडते, वाफ अडत नाही.

रंग जुळवायचा असेल तं बॉडीच्या आतल्या बाजूला पाहा, तिथं ऊन कधी लागलंच नाही, खरा रंग तोच. तो तुकडा घेऊन गाडीच्या रंगाच्या दुकानात जा, काही जण कॉम्प्युटरवर जुळवून स्प्रेच्या डब्यातही भरून देतात. मरूनला दोन छटा काढून बघा, वाळल्यावर तो गडद दिसतो.

आता हवामान, कारण नागपुरात अर्धं काम तेच बिघडवते. पावसाळ्यात स्प्रे मारला की थिनर उडताना वरचा भाग थंड पडतो, हवेतलं पाणी त्याच्यावर बसते आणि काळ्या रंगावर दूध सांडल्यासारखी झाक येते. मे महिन्यात उलटं, रंग नोझलमधून निघून बॉडीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो, आणि हात फिरवला तं पेपर मारल्यासारखं खरखरीत. स्प्रेचा डबा पन्नास डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नसतो, तसं डब्यावरच लिहिलेलं असते, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या कारमध्ये ते आरामात होते, डिकीत विसरू नका. बरेच लोक उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत बसून स्प्रे मारतात, गार वाटते म्हणून. कूलर म्हणजे खिडकीत लावलेला पाऊस आहे, वरून ताटीचा भुसा उडतो तो वेगळा. आपल्या गावाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन, याच्यासारखा टाइम नाही. हिवाळ्यात डबा गार असेल तं कोमट पाण्यात दोन मिनिटं धरा, गॅसवर नाही.

जागा म्हणजे फ्रीजचा नाही तं कूलरचा मोठा खोका आडवा टाकायचा, तीन बाजू बंद. समोरच्या जमिनीवर अंगणात सडा टाकतो तसं पाणी शिंपडायचं, धूळ बसते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल तं गच्चीवर नकोच, राखेचे कण येऊन बसतात. बॉडी आतून तारेच्या आकड्यावर लटकवा, किंवा आतून एक डबा चिकटवून त्याला धरा.

डबा दोन मिनिटं पूर्ण हलवायचा, आतली गोळी वाजायला लागल्यावरची दोन मिनिटं. अंतर एक वीत. बटण दाबायचं बॉडीच्या बाहेर, हात सरळ न थांबता फिरवायचा, सोडायचं पलीकडे बाहेर गेल्यावर. पहिला हात इतका पातळ की खालचं प्रायमर दिसलंच पाहिजे, मन मानत नाही, अजून थोडा मारू वाटते, तिथंच ओघळ येतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, तसे तीन किंवा चार. डब्यावर लिहिलेलं असते की पुढचा हात एका तासाच्या आत किंवा मंग एक-दोन दिवसांनंतर मारा, तो मधला वेळ खतरनाक, तेव्हाच सुरकुत्या येतात. ओघळ आलाच तं बोट लावू नका, दोन दिवस सोडा, १००० नं घासा, वरून हात मारा.

बटणाचं. तुमचं बटण अडकलं ते रंग वाईट होता म्हणून नाही, रंग तिथं जायलाच नको होता. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून एका बाजूला साधारण केसाएवढी जाडी होते, बटणाची एक बाजू आणि खाचेची एक बाजू धरली की दुप्पट, आणि ती फट मुळातच तेवढी असते. म्हणून बटणं सरकतात त्या खाचा, कॅसेटचं तोंड, दोन झाकणं एकमेकांवर बसतात ती किनार, स्क्रूच्या नळ्या, या सगळ्यांवर मास्किंग टेप. हवेच्या जाळीत आतून टेप लावा म्हणजे रंग आत जाऊन भोकं बुजत नाहीत. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी काढायची, शेवटच्या हातानंतर वीसेक मिनिटांनी, आणि स्वतःवरच दुमडून मागे ओढायची.

वरची अक्षरं. उठावाची असतील तं सोपं, पातळ ब्रशनं फक्त माथ्यावर रंग. छापलेली असतील तं ती गेली समजा, म्हणून तर तो स्केलपट्टीचा फोटो. तो घेऊन नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा, तो मशीनवर तेवढ्या मापाची अक्षरं कापून देतो, पाच मिलिमीटरच्या वरची अक्षरं चांगली निघतात, त्याहून बारीक असली तं कापताना उचलली जातात, मंग छापील स्टिकरच बरं. अक्षरं बसवून वरून मॅट क्लिअरचे दोन पातळ हात. ग्लॉस मारू नका, गेम नाही तं शोकेसमधली ट्रॉफी वाटते.

आणि मंग ठेवून द्या. वाळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. वाळतो तासाभरात, हातात घेता येतो दुसऱ्या दिवशी, पण पक्का व्हायला अॅक्रिलिकला आठ-दहा दिवस द्या, थंडीत दोन आठवडे. माझी परीक्षा नाकाची आहे, बॉडी नाकाजवळ धरा, रंगाचा वास येऊन राहिला तं आत थिनर आहे, अजून कच्ची आहे. वास गेला की खालच्या बाजूला ब्लेडनं चार उभ्या चार आडव्या बारीक रेघा मारा, टेप दाबून चिकटवा, झटक्यात ओढा. चौकोन टेपसोबत आले नाहीत तं जोडायला घ्या. पेपरात किंवा बबलच्या पन्नीत गुंडाळून ठेवू नका त्या दिवसांत, एकाला मी बजावून सांगितलं होतं, त्यानं तरी गुंडाळला आणि पूर्ण मरून झाकणावर बुडबुड्यांचे गोल गोल ठसे घेऊन परत आला.

तुम्ही लिहिलं दिवाळीला पोराला द्यायचा आहे. पोळ्याची अमावस्या आणि दिवाळीची अमावस्या यात दोन महिने, त्यातले तीन आठवडे गेलेच. तं असं करा, आत्ता पावसात फक्त रंग काढायचं आणि धुवायचं काम, ते घरात होते. दसऱ्याच्या मागंपुढं ऊन पडलं की पांढरे भाग पेरॉक्साइडमध्ये. तेवढ्यात पांढरा भाग निघाला चांगला तं त्याला रंग मारूच नका, खाच आहे तेवढी डावी बाजू राहू द्या, भावाच्या हातची आहे ती. मरून झाकणावर तुमचा सिल्व्हर जास्त बसला आहे, ते कदाचित रंगवावं लागेल, ते कोजागिरीनंतर, आणि वास जाईपर्यंत पोराच्या हातात नाही, दिवाळी गेली तरी चालेल.

जॉयस्टिकच्या वायरी वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि अल्कोहोलनं पहिला थर निघाला की मरून झाकणाचा आतून-बाहेरून फोटो पाठवा, कॅसेटच्या तोंडाचा पण, तिथल्या पिनांवर रंग असेल तं तो काढायची पद्धत वेगळी आहे, तोवर कॅसेट टोचून चालू करून पाहू नका.